कुड्याची साल आणि चार बोटे समास

औषध शोधून काढणे हे काही फार मोठे काम नव्हे. जवळ रान, पोटात कळ आणि थोडी हिंमत असली की ते कोणालाही जमते. आपल्या पूर्वजांना ते जमले. ज्यांना जमले नाही ते कोणाचेच पूर्वज झाले नाहीत. खरे कठीण काम त्याच्या पुढे आहे. सापडलेले औषध विहित आकाराच्या पांढऱ्या कागदावर, काळ्या शाईने, डाव्या हाताला चार बोटे समास सोडून कळवणे, हे भाग्य लाखांत एखाद्याच्या वाट्याला येते. आमच्या कर्जतेस ते एकदा आले होते, आणि त्यातून गाव अजून सावरलेले नाही.

त्या काळी मुंबईहून 'औषधिचिंतन' नावाचे एक मासिक निघत असे. कर्जत तालुक्यात त्याचे वर्गणीदार तीन. एक मामलेदार कचेरी (तिथल्या अंकांची जोडलेली पाने अजून कापलेली नाहीत), दुसरे दवाखान्याचे हॉस्पिटल असिस्टंट विष्णुपंत टिपणीस, आणि तिसरे आम्ही. आम्हाला औषधांतले काही कळत नाही. परंतु छापलेले सगळे वाचणारा एक तरी मनुष्य गावात असावा लागतो, आणि जमीन खंडाने दिल्यापासून आम्हाला दुसरा उद्योग नाही.

मासिक फार उच्च दर्जाचे होते. उच्च दर्जाचे म्हणजे त्यात लेख थोडे आणि 'लेखकांस सूचना' पुष्कळ. प्रत्येक अंकाचा पुढचा निम्मा भाग सूचनांनी भरलेला असे आणि तो आम्ही फार आवडीने वाचत असू. कागद एका बाजूस कोरा ठेवावा. समास चार बोटे असावा. (बोटे कोणाची, असे एका वाचकाने विचारले होते. त्यावर 'प्रौढ पुरुषाची, अंगठा वगळून' असे उत्तर देणारी स्वतंत्र पुरवणी निघाली.) वनस्पतीचे नाव मराठीत, संस्कृतात आणि लॅटिनमध्ये द्यावे, लॅटिन ठाऊक नसल्यास जागा कोरी सोडावी, पण सुवाच्य सोडावी. लेख सोळा पानांहून कमी नसावा, कारण त्याहून कमी जागेत सांगता येणारी औषधे घरोघरच्या म्हाताऱ्या सांगतच असतात. सोबत औषधाचा नमुना जोडावा. आणि शेवटी लेखकाने शपथेवर लिहून द्यावे की सदरहू शोध छापून येण्यापूर्वी त्याने तो अन्य कोणासही दिलेला नाही. (ह्यात रोगीही आले.)

आता विष्णुपंतांकडे वळू. हा मनुष्य स्वभावाने सरळ, त्यामुळे सरकारी नोकरीत त्याचे कसे व्हायचे ही काळजी आम्हाला पहिल्यापासून होती. दवाखान्यात आव पडलेल्या रोग्यांसाठी कुड्याच्या सालीच्या चूर्णाचा एक मोठा डबा असे. तो सरकारी औषधांच्या कोठारातून यायचा, त्यावर लाखेची मोहर असायची आणि डबा संपेपर्यंत दुसरा यायचा नाही. कुडा आमच्याकडे कुंपणाच्या वईवर, बांधावर, जिकडे तिकडे उगवतो. दवाखाना उघडण्यापूर्वी लोक ताजी साल काढून उकळून पीत असत. दवाखाना उघडल्यावर त्यांनी हा रानटीपणा सोडला आणि डब्यातली पुडी घेऊ लागले, ही प्रगती आम्ही डोळ्यांनी पाहिलेली आहे.

एका पावसाळ्यात कळंबच्या भागूबाईचा मुलगा पोपट आवेने आजारी पडला. चांगला हातापायाने धडधाकट, नांगर धरणारा गडी. विष्णुपंतांनी नियमाप्रमाणे पुड्या दिल्या, पोपटने नियमाप्रमाणे घेतल्या आणि तो वारला. ह्यात नियमाची कुठेही चूक झाली नाही. मागे राहिली म्हातारी भागूबाई आणि पोपटची आईवेगळी मुलगी मंगळी, जी तेव्हा नुकतीच चालू लागली होती.

दुसऱ्या दिवशी विष्णुपंतांनी एक भलतेच काम केले. डब्यातली चिमूटभर पूड त्यांनी स्वतःच्या जिभेवर ठेवली. इतक्या वर्षांत ही कल्पना कोणाला सुचली नव्हती, कारण डब्यावर नाव स्पष्ट लिहिलेले होते. पुडीला काही चवच नव्हती. मग त्यांनी मागच्या वईवरच्या कुड्याची साल चघळली, तर संध्याकाळपर्यंत त्यांना पाणीसुद्धा कडू लागत होते. त्यापुढे वर्षभर ते निरनिराळ्या जुन्यानव्या पुड्या चाखत हिंडले, कोणती पुडी कोणाला लागू पडली ते पाहत राहिले आणि अखेर त्यांच्या हाती एक वाक्य लागले. (ते असे: कुड्याची साल कुटून डब्यात भरली की एक पावसाळा टिकते, त्यापुढे तिचा भुसा होतो, म्हणून जिभेवर ठेवून कडू लागली नाही तर रोग्याला देऊ नये.)

दवाखान्यातला डबा फार जुना होता. विष्णुपंतांनी जिल्ह्याच्या सर्जनसाहेबांना तसे कळवले. साहेबांचे उत्तर मोठे सभ्य होते. हाताखालच्या नोकराच्या जिभेवरून सरकारी माल रद्द करता येत नाही. तथापि हा शोध एखाद्या मान्य मासिकात छापून आल्यास कचेरी त्याचा विचार करील. तोवर डब्यातले फेकू नये आणि डब्याबाहेरचे देऊ नये. आम्ही ते पत्र वाचून विष्णुपंतांचे अभिनंदन केले. सरकार विचार करणार होते.

भागूबाई बाजाराच्या दिवशी वालाच्या शेंगा घेऊन कर्जतेस यायची. शेंगा विकून झाल्या की मंगळीला कडेवर घेऊन ती दवाखान्याच्या पायरीशी उभी राहायची.

"डाक्टर, आला का तुमचा कागद?"

"येईल, भागूबाई. लिहितोय."

"पानी पडायच्या आदी येल ना? ही येवडुशी हाय. बापाच्या वाटंनं गेली तर मी काय करू? कुडा तर आमच्या बांधाला हाय. सालटून ठेवू का?"

"नको. छापून आलं की सरकारच ताजी साल देईल, सगळ्या तालुक्याला. तुला एकटीला गुपचूप दिली तर डबा आहे तिथंच राहील आणि आणखी पोपट जातील."

भागूबाईला हे पटायचे असे नाही. पण डॉक्टरने पोपटचे नाव घेतले की ती मंगळीचे नाक पदराने पुसून निघून जायची.

विष्णुपंतांनी पहिला लेख पाठवला तो एका वाक्याचा. मोठा स्वच्छ कागद, चार बोटे समास, मध्ये ते वाक्य आणि खाली सही. आठवड्यात उत्तर आले: "आपला कागद पोहोचला. लेख कुठे आहे?"

चूक ध्यानात येताच ते कामाला लागले. सोळा पाने भरायची म्हणजे गंमत नव्हे. पहिली तीन पाने धन्वंतरी, सरकार आणि संपादक ह्यांना वंदन करण्यात गेली. पुढच्या चार पानांत तालुक्याचे वर्णन आले, त्यात उल्हास नदी, भाताच्या जाती आणि ठाकुरवाडीच्या घाटात आगगाडी किती दमते हेही आले. मग कुड्याचे झाड, त्याचे फूल, त्याची सावली, त्याविषयी शेळ्यांचे मत. रोग्यांचे कोष्टक सूचनांत सांगितल्याप्रमाणे केले: एकूण रोगी त्रेचाळीस, पैकी घराचे दार पूर्वेस असलेले सतरा, पश्चिमेस असलेले नऊ, दारच नसलेले सतरा. (बरे झालेले किती, हा रकाना सूचनांत नव्हता, म्हणून घातला नाही.) सोळाव्या पानाच्या शेवटी थोडी जागा उरली, तिथे त्यांनी ते वाक्य बसवले.

लेख टपालात टाकायच्या दिवशी त्यांच्या पत्नी उमाबाईंनी तो देवापुढे ठेवला आणि त्याच्या चारही कोपऱ्यांना हळदकुंकू लावले. लग्नाची पत्रिका असो की दुकानाची नवी वही असो, शुभकार्याचा कागद आपल्याकडे कोरा बाहेर जात नाही.

"अगं, शास्त्रीय लेख आहे हा," विष्णुपंत म्हणाले.

"म्हणूनच," उमाबाई म्हणाल्या. "त्या भागूबाईच्या नातीचं सगळं ह्याच्यावर आहे ना? मग लावायला नको?"

हळद अंमळ जास्तच झाली होती आणि वरच्या पानांतून खालच्या पानांत उतरली होती. सोबत ताज्या सालीच्या नमुन्याची पुडी बांधून विष्णुपंतांनी ते बाड टपालात टाकले.

पुढे जे घडले ते मासिकाच्या कचेरीतल्या कारकुनाकडून आम्हाला समजले. (तो आमच्या चुलतभावाचा साडू.) बाड पोहोचले त्या दिवशी ह्या गृहस्थाला स्वतःलाच आव पडली होती आणि बसवत नव्हते. टेबलावर पुडी, पुडीवर 'आवेवरील औषध' असे लिहिलेले. त्याने ती घेतली आणि दुसऱ्या दिवशी तो ठणठणीत होऊन कामावर आला. ह्या औषधाची मासिकाच्या कचेरीत झालेली ही एकमेव परीक्षा. तिची नोंद कुठेही नाही, कारण परीक्षा घेण्याचा अधिकार कारकुनाला नव्हता.

ज्यांना तो अधिकार होता ते रसायनपरीक्षक दोन महिन्यांनी आले. नमुना शिल्लक नव्हता. परंतु कर्तव्यदक्ष मनुष्य कारण सांगत बसत नाही. बाडाचे कोपरे पिवळे दिसले, तेव्हा नमुना सांडला असावा असे त्यांनी योग्य अनुमान काढले, कोपरे कापून घेतले आणि पृथक्करण केले. निष्कर्ष असा: पिवळ्या भागात हळद, तांबड्या भागात हळद व चुना. सबब कर्जतचे टिपणीस ह्यांनी शोधलेले आवेवरील औषध म्हणजे हळद असून चुना हे तिचे अनुपान होय. लेखात 'कुडा' हा शब्द शंभरावर वेळा आला आहे ती हस्तदोषाने झालेली चूक दिसते, ती मुद्रणाच्या वेळी दुरुस्त करावी.

रसायनानंतर लेख तीन विद्वान परीक्षकांकडे गेला. मासिकाचा निःपक्षपातीपणा असा की परीक्षकांना लेखकाचे नाव कळत नसे, लेखकाला परीक्षकांचे कळत नसे आणि लेखाचा विषय दोघांनाही कळत नसे. पहिल्याने लिहिले, हे प्राचीनांना ठाऊक होते, म्हणून ह्यात नवीन काही नाही. दुसऱ्याने लिहिले, हे प्राचीनांना ठाऊक नव्हते, म्हणून हे खरे असू शकत नाही. तिसऱ्याने दोघांशीही सहमती दर्शवून समास काही पानांवर साडेतीन बोटेच आहे असे निदर्शनास आणले. तिघांचे एका गोष्टीवर मात्र एकमत झाले. शेवटचे वाक्य गाळावे. चव हे ज्या त्या जिभेचे खासगी मत आहे. ते शास्त्र नव्हे.

हे सगळे विष्णुपंतांना कळवले गेले तेव्हा होळी होऊन गेली होती. त्यांनी उलट टपाली लिहिले की औषध हळद नाही, हळद माझ्या कुटुंबाने लावली. संपादकांचे उत्तर आम्ही स्वतः वाचले आहे. लेखकाच्या कुटुंबाविषयी मासिकाला आदर आहे, परंतु पृथक्करणाने सिद्ध झालेली गोष्ट लेखकाच्या सांगण्यावरून बदलता येत नाही. लेखकाने हळद मान्य केल्यास लेख ज्येष्ठाच्या अंकात, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर येईल. मान्य नसल्यास लेख नव्याने रांगेत लावण्यात येईल. रांग तूर्त दोन वर्षांची आहे.

विष्णुपंत ते पत्र घेऊन आमच्या ओटीवर आले. चेहरा उतरलेला होता. "तात्या, काय करू?" त्यांनी विचारले. "हळद म्हणालो तर खोटं छापून येतं. नाही म्हणालो तर दोन पावसाळे तो डबा तसाच."

आम्ही अनुभवी वाचकाच्या नात्याने सल्ला दिला. लेखात काय छापले आहे हे कोणी पाहत नाही, छापले आहे एवढेच पाहतात. तेव्हा हळद होऊन जाऊ द्यावी, पण ते एक वाक्य कुठेतरी कोपऱ्यात बसवून घ्यावे. वाक्य छापले की सर्जनसाहेबांना दाखवता येईल आणि डबा जाईल. मग विष्णुपंतांनी आमच्याच दौतीतून शाई घेऊन संपादकांना लिहिले: हळद मान्य, वाक्य मात्र ठेवावे. संपादक उदार होते. लेखाच्या शेवटी, बारीक टाइपात, एक टीप म्हणून ते वाक्य ठेवण्याचे त्यांनी कबूल केले.

ज्येष्ठाचा अंक आला. 'हरिद्रा व तिचा आमातिसारावरील विलक्षण गुण', लेखक वि. ब. टिपणीस, कर्जत. सोळा पाने, नदीसह, शेळ्यांसह. आम्ही शेवटचे पान उलटले. टीप नव्हती. छापखान्यातल्या जुळाऱ्याला शेवटच्या पानावर नेमकी तेवढीच जागा कमी पडली होती, कारण तिथे एक अत्यंत निकडीची सूचना घालावी लागली: "दुरुस्ती. गेल्या अंकात समास 'चार बोटे' असा छापला आहे, तो बरोबर आहे."

गावाने विष्णुपंतांचा सत्कार केला. खालापूरहून बैलांच्या दमण्या जुंपून पाहुणे आले. अध्यक्षांनी सांगितले की हळद आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होती, पण ती आपल्याला दिसली नाही. ती दिसायला टिपणिसांसारखी दृष्टी लागते. शाल दिली, नारळ दिला. विष्णुपंत बोलायला उठले आणि त्यांनी फक्त ते एक वाक्य म्हटले. टाळ्या इतक्या पडल्या की वाक्य कोणाला ऐकू गेले नाही. सभेच्या वृत्तान्तात 'सत्कारमूर्तींनी समयोचित शब्दांत आभार मानले' असे आहे.

सर्जनसाहेबांनीही शब्द पाळला. कचेरीने विचार केला. महिन्याच्या आत जिल्ह्यातल्या दवाखान्यांत हळदीच्या पुडीचा एकेक नवा डबा आला, त्यावर छापील चिठ्ठी: 'टिपणीस हरिद्रा चूर्ण'. कुड्याचा जुना डबा काढावा असे लेखात कुठे म्हटलेले नव्हते, म्हणून तोही राहिला. आता आवेवर एकाऐवजी दोन डबे झाले.

श्रावण लागता लागता भागूबाई मंगळीला घोंगडीत गुंडाळून आली. पोर अगदी पांढरी पडली होती आणि रडतही नव्हती. योगायोगाने आम्ही नवा अंक घेऊन तिथेच बसलो होतो.

"छापलं न्हवं तुमचं?" भागूबाई म्हणाली. "शाल घातली तुमाला, समदा बाजार सांगतो. मंग द्या आता ते छापल्यालं."

विष्णुपंत दोन डब्यांसमोर उभे राहिले. एकावर सरकारची मोहर, दुसऱ्यावर त्यांचे स्वतःचे नाव. त्यांनी एकही उघडला नाही. भिंतीवरचा कोयता घेऊन ते पावसात मागच्या वईकडे गेले आणि सालीचा भारा घेऊन आले. उमाबाईंनी चूल पेटवली. काढा पाजताना मंगळीने तोंड वाकडे केले आणि इतक्या वेळात ती पहिल्यांदा रडली. उमाबाईंनी डोळे पुसले. आम्हालाही भरून आले, ते आम्ही लपवत नाही. लगेच सावरून आम्ही विष्णुपंतांना आठवण दिली की हे नियमाविरुद्ध आहे.

"ठाऊक आहे, तात्या. तुम्ही अंक वाचा," ते म्हणाले.

पुढच्या बाजाराला मंगळी आजीच्या कडेवर बसून गूळ खात होती. त्या पावसाळ्यात विष्णुपंतांनी मग डब्याला हातच लावला नाही. जो येईल त्याला ताजी साल. आता कोणी म्हणेल, काम फत्ते झाले. पण कारभार असा मध्येच संपत नसतो. प्रत्येक दवाखान्याने हळदीचा खप दरमहा कळवायचा होता आणि आमच्या दवाखान्याचा खप शून्य होता. हळद ज्या गावी शोधली गेली त्याच गावी ती खपू नये, हे कोणत्याही कचेरीला संशयास्पद वाटणारच. चौकशीला एक अंमलदार आले. त्यांच्या हातात ज्येष्ठाचा अंक होता, पाने नुकतीच कापलेली.

"टिपणिसांचा लेख आपण वाचला आहे काय?" त्यांनी विचारले.

"टिपणीस मीच," विष्णुपंत म्हणाले.

"ते नाव झालं. लेख वाचला आहे काय?"

"वाचला. माझं म्हणणं त्यात नाही."

"म्हणजे छापलेलं सोडून न छापलेल्यावर आपण चालता," अंमलदार म्हणाले आणि त्यांनी ते लिहून घेतले.

भागूबाई साक्षीला आली होती. मुलगी बरी झाली काय, असे विचारल्यावर तिने मंगळीला पुढे उभे केले. "ही काय, उभी हाय. इचारा तिलाच." अंमलदारांनी सौम्यपणे समजावले की मुलगी कागदपत्रांना जोडता येत नाही. निकालपत्रात असे आले की टिपणीस ह्यांच्या सुप्रसिद्ध लेखाचे आरोपीला पुरेसे ज्ञान नाही, सबब दवाखाना त्याच्या हाती ठेवणे धोक्याचे आहे. त्या पावसाळ्यात सालीने बरे झालेले सगळे रोगी अमान्य औषधाने बरे झाल्यामुळे बरे धरता येईनात. त्यांची नोंद 'दवाखाना सोडून गेले' अशी करण्यात आली.

विष्णुपंतांची नोकरी गेली. सामान गाडीत चढवताना उमाबाई म्हणाल्या, "मी ते हळदकुंकू लावलं नसतं तर असं झालं नसतं."

"तू लावलंस म्हणून तरी छापलं," विष्णुपंत म्हणाले. "नुसती साल कोणी छापली नसती."

ते आता खालापुरास उमाबाईंच्या माहेरी असतात. दारात कुडा आहे, ताजी साल आहे, येईल त्याला फुकट देतात. फारसे कोणी येत नाही, कारण तिथे डबा नाही. आमच्या दवाखान्यात नवे असिस्टंट आले आहेत. त्यांनी टिपणिसांचा लेख चौकटीत बसवून भिंतीवर लावला आहे आणि त्याखाली उभे राहून ते पुड्या देतात. भागूबाई गावोगाव सांगत फिरते की साल चाखून घ्या. लोक विचारतात, हे कुठे छापलंय का? गेल्या पावसाळ्यात कळंबकडची किती माणसे गेली ते आम्हाला सांगता येणार नाही. हळदीचा खप मात्र समाधानकारक होता.

ही हकीकत आम्ही लिहायला घेतल्याचे भागूबाईला बाजारात कळले. शेंगा मोजता मोजता ती म्हणाली, "लिवा, तात्या. पर डाक्टरचं ते बोलनं घातलं का त्यात? ज्यापाई येवडं झालं ते?"

आम्ही म्हणालो, घातले आहे. एकदा.

"येकदाच? वाचनाऱ्यांच्या ध्यानात ऱ्हाईल का?"

सुशिक्षित लोक आहेत, नक्की राहील, असा तुमच्या वतीने आम्ही तिला शब्द दिला आणि शेंगा घेऊन घरी आलो. तेव्हा आता आमचा शब्द तुमच्या हाती आहे. समास किती बोटांचा, असे विचारले तर तुम्ही झोपेतही सांगाल. कुटलेली साल डब्यात किती टिकते?

पाने उलटून मागे जाऊन पाहायची सोय तुम्हाला आहे. पोपटला नव्हती.